फाटक्या आवाजाचा डबा

द्वारकाआत्या,

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल जे बोलली, ते तू आतल्या खोलीतून ऐकलं असतंस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. मंठ्यातले एक वजनदार गृहस्थ उभे राहून म्हणाले, "वहिनींनी भाऊंच्या दुकानाला शेवटपर्यंत मोलाची साथ दिली." दुसऱ्यांनी सांगितलं की, दुकानावर गेलं आणि वहिनींच्या हातचा चहा मिळाला नाही, असं कधी झालं नाही. मामा, म्हणजे त्यांचे ते भाऊ, खाली मान घालून ऐकत होते. मला हसू आवरेना. तेराव्याला हसणारी भाची बघून लोक काय समजायचं ते समजले असतील.

मोलाची साथ! त्या दुकानात चाळीस वर्षं रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही आणि मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त झाले. त्यातला कथिलानं झाळलेला एकूण एक जोड तुझ्या हातचा. आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडे मामा म्हणतात, तर आमचे हे मामा बाहेर गादीवर बसायचे, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावून. गिऱ्हाइकाचा रेडिओ घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे, फार गंभीर चेहऱ्यानं "हं" म्हणायचे, "उद्या या" सांगायचे आणि पडद्याआड तुझ्यापुढे आणून ठेवायचे. तू एका हातानं भाजी ढवळत दुसऱ्या हातानं त्याचं मागचं झाकण काढायचीस.

लग्नानंतर मामांनी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला, दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आले आणि तिसऱ्या पानावर झोपले. तू सातवी शिकलेली. तू ती दोन्ही पुस्तकं वाचून काढलीस, आणि जिथं समजलं नाही तिथं रेडिओच उघडून बघितलास. मग दुकान निघालं. बाईच्या हातात रेडिओ कोण देणार, म्हणून पाटीवर नाव मामांचं आलं आणि तू आत बसलीस. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. बाजाराला माहीत नव्हती, किंवा माहीत असून बाजार गप्प होता.

मला तुझ्याशी बोलायचंय ते त्या डब्याबद्दल. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

गेल्या दिवाळीत मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. अंबडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या छत्तीस वर्षांच्या बाईनं हे काय नवीन काढलं, म्हणून घरातले सगळे तोंडाकडे बघत राहिले. एकानं विचारलं, लग्नात वाजवायची का? एकीनं विचारलं, हिला लग्न करायचं नाही म्हणून हे का? तू एकटी जवळ आलीस, गिटारच्या तारांखाली, आवाज पकडतात त्या जागी बोट घातलंस आणि म्हणालीस, "ह्याच्यात पिकअप कसला बसवलाय?"

त्याच दुपारी मी तुला सांगितलं की या गिटारला एक पेडल लागतं. पायानं दाबायचा छोटा डबा असतो, तो दाबला की आवाज फाटतो. एक मागवणार आहे. तू चष्मा कपाळावर चढवलास.

"फाटतो म्हंजे? बिघडतो?"

"बिघडत नाही गं. मुद्दाम फाडायचा असतो."

"आन् ते इकत मिळतंय?"

"हो, मोठमोठ्या कंपन्या करतात."

"कमाल हाय. लोक मला फाटलेला आवाज घरी आणून देतेत, फुकट." मग जरा थांबून तू म्हणालीस, "मी जित्ती असताना घरात इकतचं मशीन येतंय का? नकाशा आन तू. आपण करू."

तेव्हापासून दर रविवारी अंबडहून जालना आणि जालन्याहून मंठा असे बसचे दोन टप्पे करून मी तुझ्याकडे यायला लागले. मामांना वाटायचं, पोरगी आत्याच्या ओढीनं येते. ते खरंच होतं, पण पिशवीत सर्किटचा नकाशा असायचा.

सर्किट तसं सोपं होतं. गिटारचा बारीक आवाज एका आयसीनं पुष्कळ मोठा करायचा, आणि पुढं दोन डायोड उलटसुलट लावून त्याची वरची आणि खालची टोकं कापून टाकायची. मी फळ्यावर शिकवतात तशी लाट काढून तुला समजावून सांगितलं, तर तू म्हणालीस, "मेंदीचं कुंपण छाटतेत तसंच की. सांग ना मंग सरळ." त्यानंतर मी माझ्या वर्गात हे असंच सांगते. पोरांना पहिल्या झटक्यात समजतं.

तुझ्याकडचे पार्ट दोन मिसळणाच्या डब्यांत असायचे, वाट्यावाट्यांत. स्वयंपाकाचा मिसळणाचा डबाही त्याच फळीवर. एकदा दाढ दुखते म्हणून मामांनी लवंग काढून दाढेखाली धरली आणि अर्धा तास झाला तरी फरक पडेना. बघितलं तर ट्रान्झिस्टर. तू आधी तो त्यांच्या तोंडातून काढून पुसलास, मीटर लावून चालतो का बघितलंस आणि मगच विचारलंस, "दाढ कशी हाय?" हे तू मला एका रविवारी सांगितलंस आणि मामा बाहेरून ओरडले, "तिला काय काय सांगून राह्यलीस?"

आयसी निवडण्यावरून आपली पहिली चकमक झाली. मी जालन्याहून नवा कोरा आयसी आणला होता, खरखर कमी करणारा, पुस्तकात नावाजलेला. तू एका मंडपवाल्याच्या मेलेल्या इको मशीनमधून काढलेला आठ पायांचा जुना आयसी पुढं केलास. "ह्यानं लई वराती काढल्यात. ह्याच्यात दम हाय." मी म्हणाले, आत्या, आयसीत दम नसतो, आकडे असतात. तू म्हणालीस, मंग लाव तुझे आकडे. मी लावला आणि त्यातून बारीक धूर निघाला. मी तो उलटा बसवला होता.

तू खिडकी उघडलीस, पदरानं धूर बाहेर घालवलास आणि शांतपणे विचारलंस, "तू पोरांना शिकवतीस काय गं कॉलेजात?"

मग वरातीवाला आयसीच बसला.

डायोडला मात्र आपण तीन रविवार घालवले. नव्या सिलिकॉनच्या डायोडनं आवाज कडक कापला जातो, जुन्या जर्मेनियमच्या डायोडनं जरा मऊ, असं मी वाचलं होतं. जर्मेनियमचे डायोड आता सहजासहजी मिळत नाहीत, पण तुझ्याकडे एक वाटी भरून होते, काचेचे, तांदळाच्या दाण्याएवढे. जुन्या रेडिओंतून काढलेले. प्रत्येक कुणाच्या रेडिओतला, हे तुला पाठ होतं. हा हसनाबादच्या गुरुजींचा. हा गिरणीवाल्याचा, त्याला पिठाचा वास येतो बघ. मी खरंच वास घेतला, आणि तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मी मीटर काढलं. तू ते बाजूला सारलंस. तुझी डायोड निवडायची रीत वेगळी होती. छतावरून खिडकीत आलेली एक लांब तार, एक गुंडाळी, एक जुना इअरफोन, आणि मध्ये डायोड. ना बॅटरी, ना काही. एवढ्यावर मिडियम वेव्हचं स्टेशन बारीक आवाजात ऐकू यायचं. तू एकेक डायोड लावायचीस, डोळे मिटायचीस आणि ऐकायचीस. बाजारभाव चालू होते. एका डायोडला तू म्हणालीस, "ह्याच्यात सोयाबीनचा भाव ऐकू येतोय, तुरीचा येत न्हाई. ऱ्हाऊ दे." अकरा डायोड ऐकून तू दोन काढलेस. मी गुपचूप मीटर लावून बघितलं, तर दोघांत फरक. मी म्हणाले, आत्या, हे जोडीला जुळत नाहीत, एक लवकर कापतो आणि एक उशिरा.

तू बाहेर मामांकडे बघितलंस. मामा गादीवर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले.

"जुळायलाच पायजे असं कोण म्हणलंय? आमचं चाललंच की चाळीस सालं."

पुढं मी खूप वाचलं, आणि खरंच, दोन डायोड थोडे विजोड असले तर आवाजाला जास्त रंग येतो म्हणून पेडल करणारे मुद्दाम तसे लावतात. हे मी तुला सांगितलं नाही. तू जिंकलीस हे कबूल करायला मला त्या वेळी जड जात होतं. आता सांगते, तू बरोबर होतीस, बिलकुल बरोबर.

बाकीचं सामान असंच घरातून निघालं. पायानं दाबायचं बटण एका टेबललॅम्पच्या वायरीवरचं. आवाज कमीजास्त करायचा व्हॉल्यूम तू सात-आठ जुन्या व्हॉल्यूममधून निवडलास, प्रत्येक कानाजवळ फिरवून. त्यावरची फिरकी मात्र मामांनी निवडली. रेडिओची हस्तिदंती रंगाची मोठी फिरकी, पेडलला अजिबात न शोभणारी. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, त्यांनी दुकानात निवडलेला पयला पार्ट हाय." आणि घरघर येऊ नये म्हणून हे सगळं बसवायचं कशात, तर जर्मनच्या जेवणाच्या डब्यात. मामांचाच जुना डबा, चेपलेला. ॲल्युमिनियमला तू शेवटपर्यंत जर्मन म्हणालीस आणि मी कपॅसिटर म्हणायचे त्याला कंडेन्सर.

मग तो रविवार आला. डबा तयार, गिटार लावली, दुकानातला एक ॲम्प्लिफायर लावला. मी बटण दाबलं आणि तार छेडली.

इतका गोड आवाज मी त्या गिटारमधून कधी ऐकला नव्हता. फाटणं तर सोड, साधी कड लागेना. सगळं कसं तुपात घोळल्यासारखं. तू मान डोलावलीस. "वा! किती छान."

माझं डोकं चालेना. सर्किट बरोबर, आयसी बरोबर, डायोड तुझ्या कानानं निवडलेले. मी घरी जाऊन नकाशा चार वेळा तपासला. पुढच्या रविवारी बॅटरी बदलली. त्याच्या पुढच्या रविवारी वायरी बदलल्या, गिटारला दोष दिला, ॲम्प्लिफायरला दोष दिला. तू शेजारी बसून शेंगा सोलत होतीस आणि मधूनमधून म्हणत होतीस, "चांगला तर वाजून राह्यलाय. तुलाच चैन न्हाई." तिसऱ्या रविवारी मी चिडून पार्ट झाळलेली सगळी पट्टीच डब्याबाहेर काढून उलटी केली. तिथं, डायोडच्या बगलेत, एक चपटा तपकिरी कपॅसिटर बसला होता. नकाशात नसलेला. इतक्या सफाईनं झाळलेला की तो जन्मापासून तिथंच असावा.

"आत्या, हे काय आहे?"

"कंडेन्सर."

"ते दिसतंय. कुणी लावला?"

"मीच. लई खरखर येत होती गं. काढून टाकली."

मी दोन मिनिटं नुसती हसत होते. तू फाटका आवाज दुरुस्त केला होतास! महिनाभर खपून आपण आवाज फाडायचं यंत्र केलं, आणि तुझ्या हातांनी तुला न विचारताच त्याला टाके घालून टाकले. तूही हसलीस. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

मी कटर हातात घेतला, तो कपॅसिटर कापून टाकायला. तू माझा हात धरलास.

"ते काढू नको."

"अगं, पण मग पेडल कशाला केलं?"

"वाजतंय ना? थोडं जाडं वाजतंय. बास की तेवढं." मग तुझा आवाज बदलला. "हे बघ वर्षे. चाळीस सालं लोकांनी माझ्याकडं फाटका आवाज आणला आन् मी तो नीट करून दिला. एक मशीन फाटक्या आवाजाचं परत न्हाई गेलं. माझ्या हातून असलं बाहेर जायचं न्हाई."

तीन रविवारांची चिडचिड अंगात होती. मी जे बोलले ते तुला आठवत असणारच, पण मला एकदा तरी पूर्ण लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, "तुझ्या हातून गेलंय हे कुणाला कळणार आहे? बाहेर पाटीवर तर मामांचंच नाव आहे."

बाहेर मामांचा पेपर सळसळायचा थांबला. तू माझा हात सोडलास. डब्यावर झाकण ठेवलंस आणि म्हणालीस, "चहा घेतीस का?"

मी चहा घेतला. बसची वेळ झाली म्हणून निघाले. डबा तुझ्याकडेच राहिला. त्यानंतर पाच आठवडे मी मंठ्याला आले नाही. पेपर तपासायचे आहेत, असं सांगितलं. ते होतेही थोडे. तू दोनदा फोन केलास, एकदा लोणच्याच्या फोडींसाठी आणि एकदा उगाच. दोन्ही वेळा आपण दोघींनी त्या डब्याचं नाव काढलं नाही. मला माफी मागायची होती. समोरासमोर मागू, फोनवर कशी मागायची, असं ठरवून मी ती पुढं ढकलत राहिले. मग एका मंगळवारी सकाळी चहाचं आधण ठेवून तू खाली बसलीस, आणि उठली नाहीस.

आता तुला रागवायचं असेल तर रागव, पण पुढचं ऐक.

तेराव्याची मंडळी गेल्यावर मामांनी मला पडद्याआड बोलावलं. तुझ्या फळीवरून त्यांनी डबा काढला, धोतरानं पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"हे तुझं सामान. तिनं वेगळं ठेवून दिल्तं."

मी हात पुढं करायला घाबरत होते. मामांनी डबा फिरवून त्याची बाजू माझ्याकडे केली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं त्या डब्यावर नाव घातलेलं होतं. बारीक ठिपक्याठिपक्यांचं, भांड्याच्या दुकानातल्या त्या टरटर वाजणाऱ्या मशीननं काढलेलं. तुझ्या घरातल्या प्रत्येक ताटावर, तांब्यावर, पातेल्यावर मामांचं नाव आहे, किंवा कुण्या देणाऱ्याचं. माझ्या भावाच्या मुंजीतला, त्याच्या नावाचा पेलासुद्धा आहे. पण या डब्यावर एकच शब्द होता. द्वारका. ना पुढं काही, ना मागं.

"हे कधी?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या हप्त्यात. मला म्हणली, नाव घालून आना. मी म्हणलं, कोणाचं? म्हणली, माझं." मामा डब्याकडे बघत बोलत होते. "मी गेल्तो दुकानात. तो भांडेवाला म्हणला, भाऊ, जेवणाचा डबा तर तुमचा, वहिनीचं नाव कसं काय? आन् आत वायरी कशाच्या हायत? पाच-सात गिऱ्हाईक होतं तिथं. मी म्हणलं, घाल बाबा तिचंच. हे तिनं केलंय. आजपर्यंतचं सगळं तिनंच केलंय, मी नुसता बसत होतो."

"मामा, तुम्ही बाजारात असं सांगितलंत?"

"मंग काय. चाळीस सालांचं ओझं होतं. तू बोललीस ते मी बी ऐकल्तं ना, पडद्याच्या पल्याड." मग ते जरा हसले. "तिला राग न्हाई आला. मला म्हणली, पोरगी बराबर बोलली, पण तिला सांगू नका, लई डोक्यावर बसल."

आत्या, तू फोनवर एवढं म्हणाली असतीस तर! पण मग मीही माफी मागितली असतीच की. आपण दोघी एकाच मातीच्या.

मी झाकण उघडलं. मला बघायचं होतं की तो कपॅसिटर आहे की नाही. होता. पण त्याचा एकच पाय झाळलेला होता. दुसरा पाय तू सोडवून सरळ वर उभा केला होतास, हवेत. तुझी ती रीतच होती. एखाद्या पार्टवर संशय आला तर उपटून टाकायचा नाही, एक पाय उचलायचा आणि त्याच्याशिवाय मशीन कसं वाजतं ते ऐकून बघायचं. पटलं तर काढायचा, नाही पटलं तर पाय परत खाली.

"रेडिओ लावून ऐकायची ह्याच्यातून," मामा म्हणाले. "तो भाव सांगणारा बाबा भांडून राह्यला असं वाटायचं. पाय खाली टेकवायची, परत उचलायची, आन् एकटीच हसायची. मी म्हणलं, काय चाललंय? म्हणली, ठरंना."

म्हणजे तू हार मानली होतीस की अजून तपासत होतीस, हे आता मला कधीच कळायचं नाही. मी खूप विचार केला. तो पाय परत झाळला तर तुझा शब्द राहतो, तुझ्या हातून फाटका आवाज बाहेर जात नाही. आणि आता तर डब्यावर तुझं नाव आहे. कापून टाकला तर पेडल माझ्या मनासारखं होतं, पण तुझ्या हातचा शेवटचा जोड मी तोडते. मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? मी फिरकी निवडली फक्त."

मी काही झाळलं नाही आणि काही कापलं नाही. पाय तू उचलून ठेवलास तसाच ठेवला. उभ्या पायाला चिकटपट्टी गुंडाळली, कुठं टेकू नये म्हणून. तुझं ठरलं नव्हतं, तर तुझ्या नावाच्या डब्यात ते न ठरलेलंच राहू दे. मला आधी वाटलं होतं की यानं माझी तगमग वाढेल. पण खरं सांगते, त्या उभ्या पायाकडे बघितलं की मला तू डोळे मिटून ऐकत बसलेली दिसतेस आणि बरं वाटतं. माझं एक वाक्य तुझ्या जिव्हारी लागलं असेल, पण त्याचं तू रडगाणं केलं नाहीस. तू उठून नाव घालून आणलंस आणि माझं म्हणणं खरं आहे का ते तपासायला बसलीस. माझं बोलणं कुणी इतकं मनावर घेतलेलं नाही, आत्या.

मला माफ कर. आणि तुझे उपकार कसे सांगू? मी एम.एस्सी. झाले पण ऐकायला तुझ्याकडे शिकले.

काल रविवार होता. सवयीनं मंठ्याला गेले, या वेळी गिटार घेऊन. मामांनी दुकान उघडलं होतं, नुसतं बसायला. दुपारचं ऊन गादीपर्यंत आलेलं. मी ॲम्प्लिफायर लावला, डबा जमिनीवर ठेवला, चप्पल काढली आणि बटण पायानं दाबलं.

आत्या, फाटला! असा फाटला की फळीवरच्या वाट्या वाजायला लागल्या. जाड, खरबरीत, मस्त. एका तारेत दहा तारा वाजत असल्यासारखा. वरातीवाल्या आयसीत खरंच दम आहे, आणि तुझे विजोड डायोड तर काय सांगू. रस्त्यावरून जाणारा एक माणूस सायकल थांबवून आत डोकावला आणि म्हणाला, "भाऊ, स्पीकर गेला वाटतं तुमचा."

मामा पडद्याकडे बघत होते. मी हात तारांवर ठेवून आवाज थांबवला.

"असा आवाज आला ना," मामा म्हणाले, "तर ती हातातलं टाकून उठायची. जेवत असली तरी उठायची. बघते म्हणायची." त्यांनी चष्मा काढला. "ह्या घरात पयल्यांदा काहीतरी फाटून वाजून राह्यलंय, आन् आतून कोणी उठलं न्हाई."

मला वाटलं, आता डबा पिशवीत ठेवून द्यावा. मी बटणावरून पाय काढत होते, तर मामांनी वाकून ती हस्तिदंती फिरकी स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत फिरवली.

"वाजव," ते म्हणाले. "चौकापर्यंत गेलं पायजे."

मी वाजवलं.

तुझी,
वर्षा